जहांगीरभाई आधी बोटं मोजतात

"पयले हात दिखाओ."

शहागंजातल्या त्या दुकानाची पायरी मी पहिल्यांदा चढले, तेव्हा काउंटरमागच्या माणसानं या-बसा नाही, काय काम आहे नाही, एकदम हे असं फर्मावलं. मी आधीच तापलेली होते. क्रांती चौकात रिक्षा बदलून, मांडीवर ते जडशीळ मशीन सांभाळत आले होते. शिवाय शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय मी. हात पुढं कर, असं मी लोकांच्या पोरांना सांगत आले. मला सांगायची कुणाची टाप नव्हती.

"भविष्य विचारायला आलेली नाही मी," मी म्हटलं. "मशीनची धार गेलीय."

"धार बाद में. हात आधी. दोन्ही, ताई."

का कोण जाणे, मी दाखवले. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि हवेतल्या हवेत माझी बोटं मोजली. दहा भरल्यावर समाधानानं मान हलवली. मग विचारलं, "मशीन चालवतं कोण?"

"आमचे हे."

"मग त्यांना आणा. तुमची बोटं मोजून मी काय करू?"

"अहो, मग मोजली कशाला?"

"तुम्ही आधी बोललाच नाय ना!"

आत स्टोव्हपाशी बसलेला पांढऱ्या दाढीचा एक माणूस खो खो हसला. मी मशीन उचललं आणि तणतणत गारखेड्याला परत आले. जहांगीरभाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी भांडणानं. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली, आणि भांडण अजून चालू आहे.

मशीन आमच्या घरात शिरलं कसं, ते आधी सांगते. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. शहर, तेव्हाचं औरंगाबाद, मात्र वाढायचं थांबायला तयार नव्हतं. गारखेड्यात काल जिथं ज्वारीचं रान होतं, तिथं आज चार मजले उभे. प्रत्येक चार मजल्यांना एक नवी बोअर, ती शेजारच्यापेक्षा खोल. मग आमच्या कॉलनीतल्या झाडांच्या मुळांनी जायचं कुठं? गुलमोहर वाळले, सुबाभूळ वाळली, कोपऱ्यावरचा बदाम उभ्या उभ्या खडखडीत झाला. वाळक्या फांद्या कधी पाण्याच्या टँकरवर पडत, कधी कुणाच्या स्कूटरवर. फांद्या काढायची रीतसर परवानगी मिळाली, पण काढणारा माणूस मिळेना, कारण सगळ्या शहराला एकाच वेळी तोच माणूस हवा होता.

तेव्हा आमचे श्रीरंगराव पुढं सरसावले. कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकतेच निवृत्त झालेले, हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी विजेवर चालणारं चेनचं कटर आणलं. हातभर लांब पट्टी, तिच्याभोवती दातेरी चेन, आणि बटण दाबलं की असं किंचाळायचं की शेजारच्या आशाबाईंचं मांजर आठवडाभर घरी फिरकलं नाही. पण काम फक्कड व्हायचं. महिन्याभरात श्रीरंगराव कॉलनीचे हिरो झाले. ज्याला त्याला 'काका, आमच्याकडं कधी येता' असं झालं, आणि काका हवेत.

आता गंमत बघा. उभ्या आयुष्यात या माणसानं हजारो लोकांना पुस्तकं काढून दिली, पण मशीनबरोबर आलेलं एवढंसं पुस्तक उघडून पाहिलं नाही. "त्यात काय वाचायचं? बघून कळतं," म्हणाले. चेनला तेल लागतं, एवढं कुठूनतरी ऐकलेलं होतं. तर घरातलं करडईचं तेल ओतलं! पंधरा दिवसांत चेन चिकटली, दाते बोथटले आणि अंगणात भज्यांचा वास सुटला. मी म्हटलं, आता मी घेऊन जाते एखाद्या शहाण्या माणसाकडं. शहागंजात धार लावणारा एक आहे, असं कळलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्यालाही बरोबर नेलं. जहांगीरभाईंनी त्यांची बोटं मोजली, दहा भरली, आणि मगच मशीन जवळ ओढलं. पट्टीला नाक लावलं.

"करडई?"

"हो," श्रीरंगराव म्हणाले.

"चेन तळायची होती का, साहेब?"

पुन्हा आतून ते खो खो हसू आलं. मीही हसले. नवऱ्याची फजिती आयती मिळाली तर सोडते कोण?

जहांगीरभाईंची रीत अशी होती की मशीन दुरुस्त करून हातात ठेवायचं नाही. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं आणि सगळं एकेकदा त्याच्याच हातानं करून घ्यायचं. घाई असली तर दुसरीकडं जा. श्रीरंगरावांना त्यांनी दोन तास बसवून ठेवलं. आधी वायर इंच इंच बोटांतून ओढायला लावली. "कुठं चिरली असंल तर चिकटपट्टी मारायची नाय. बदलायची." मग जाड हातमोजे घालून चेन पाहायची. मधोमध धरून ओढली तर जराशी उचलली पाहिजे, आणि सोडली की गपगुमान जागेवर बसली पाहिजे. खाली लोंबली तर ताणा, हातानं सरकतच नसली तर सैल करा. मग गोल कानस. आतून बाहेर, एकाच दिशेनं, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात. "एकाला तीन दिले तर सगळ्यांना तीन. लाडका दात कुणीच नाय," ते म्हणाले. हे मला पटलं. वर्गात मी तेच करायचे.

"आणि धार गेली हे कळायचं कसं?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"भुसा बघायचा. खोबऱ्याच्या किसासारखा पडतोय तोवर धार आहे. पिठासारखा पडला की थांबायचं. धार नसली की माणूस जोर लावतो, अन् जोर लावला की घसरतो." मग त्यांनी मशीनच्या जाळीत अडकलेला भुसा ब्रशनं काढायला लावला. "इथं पाणी मारायचं नाय."

"पाणी आहे कुठं मारायला?" मी म्हटलं. आमच्याकडं तेव्हा टँकरचं राज्य होतं.

सगळं झाल्यावर जहांगीरभाईंनी खण उघडला आणि लाल कापडाची एक छोटी पिशवी काढली. तिला गळ्यात अडकवायला नाडी होती. त्यांच्या बायकोनं, फहमिदाभाभीनं, शिंप्याकडच्या चिंध्यांतून शिवलेली.

"ही या सगळ्याच्या आधी," ते म्हणाले. "मशीनची स्वतःची वायर हातभर, पुढं एक्स्टेन्शन. बरोबर? चेनला बोट लावायच्या आधी प्लग उपटायचा, या पिशवीत घालायचा अन् पिशवी गळ्यात. मग साफ करा, धार लावा, काय करायचं ते करा. प्लग तुमच्या छातीवर आहे, म्हंजी तो बोर्डात नाय."

"बटण बंद केलं तर नाही का चालत?"

"बटण कुणी पण चालू करतंय, साहेब."

हे मात्र त्यांनी हसून सांगितलं नाही. शहागंजात त्या पिशवीला सगळे जहांगीरभाईचा ताईत म्हणायचे आणि त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायचे. पण सुतार असो, वखारवाला असो की झाडं तोडणारा, ज्याचं मशीन तिथं यायचं त्याच्या गळ्यात तो ताईत असायचाच.

त्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही बऱ्याचदा तिथं गेलो. वाळक्या लाकडानं धार लवकर जायची. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की स्टोव्हवर चहा करणारे ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ जहांगीरभाईंचे थोरले भाऊ, मुनीबभाई. हसरा माणूस. गिऱ्हाइकांशी गप्पा त्यांनीच मारायच्या. आणि त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच होतं. त्या दोनात किटली पकडून ते असा चहा ओतायचे की थेंब सांडायचा नाही. आणखी एक गोष्ट माझ्या मास्तरणीच्या नजरेनं टिपली. मुनीबभाई चहा पुढं करायचे तेव्हा जहांगीरभाई भिंतीकडं बघत कप घ्यायचे. जगाची बोटं मोजणारा माणूस, पण त्या एका हाताकडं कधी बघायचा नाही.

मार्चमध्ये एकदा श्रीरंगराव बाजारात टरबूज घ्यायला गेले होते, मुनीबभाई नमाजाला. दुकानात आम्ही दोघंच. मला राहवेना. "भाई, हे बोटं मोजायचं काढलं कुठून तुम्ही?" मी विचारलं.

ते कानस चालवत राहिले. चालवता चालवताच बोलले. "वखारीत होतो आम्ही दोघं. मी सतरा वर्षांचा, भाईजान चोवीसचे. लाईट गेली म्हणून मेन बंद केलेला. गोल करवतीत लाकडाची ढलपी अडकली होती, ती काढायला भाईजाननी हात घातला. मी बाहेर. समोरच्या हॉटेलात रेडिओ वाजायला लागला. मला वाटलं, अरे वा, लाईट आली! पळत आत गेलो अन् मेन दाबला. खुशीत दाबला, ताई." कानस थांबली. "एक आवाज द्यायचा होता फक्त. 'लावू का' म्हणून. एकच आवाज."

मी स्टूल जरा पुढं ओढलं.

"मुनीबभाई काही बोलले तुम्हाला?"

"बत्तीस वर्षं झाली. एक लफ्ज नाय." त्यांनी कानस पुसली. "धारेचं दुकान टाकलं तेव्हा कसम घातली. माझ्या धारेनं कुणाचं बोट गेलं, तर त्या दिवशी शटर खाली. पुन्हा उघडणार नाय. आजपर्यंत एकाचं गेलेलं नाय, ताई. एकाचं पण."

ही कसम सगळ्या शहागंजाला ठाऊक होती. आता आम्हालाही झाली. आणि तरी आम्ही काय दिवे लावले ते ऐका.

त्या मशीनचं बटण नुसतं दाबून भागत नाही. अंगठ्यानं एक खटका दाबायचा आणि मग बोटानं बटण धरून ठेवायचं. सोडलं की बंद. मुद्दामच तसं केलेलं असतं. पण श्रीरंगरावांचा अंगठा दुखायचा. म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन खटका आणि बटण दोन्ही करकचून बांधून टाकलं. शहागंजात जायच्या आधी गुपचूप सोडायचे, घरी आलं की पुन्हा बांधायचे. साठीचा माणूस! आणि तो लाल ताईत गळ्यात असायचा बरं का, अगदी नेमानं. फक्त त्यात प्लग नसायचा. सुपारी असायची. गळ्यातली गळ्यात, हाताशी बरी, म्हणायचे.

मे महिन्यातली दुपार. सकाळी टँकर येऊन हौद भरून गेला होता, पण लाईट नव्हती, आणि गच्चीवरच्या टाकीत थेंब नव्हता. त्या दिवसांत सगळ्या गारखेड्याची एक सवय होती. लाईट गेलेली असली तरी मोटरचं बटण चालू करून ठेवायचं. लाईट आली की एक मिनिट वाया जायला नको, पाणी आपोआप चढायला लागलं पाहिजे. बटण चालू आणि कान मोटरकडं, असं आम्ही जगायचो.

अंगणात आमचा एक लाकडी बोर्ड होता. मोटर त्यावरच, श्रीरंगरावांची एक्स्टेन्शनही त्यावरच, आणि दोघांना मिळून एक बटण. श्रीरंगराव फांद्यांचे तुकडे करत होते तेव्हा लाईट गेली. त्यांनी शहाण्यासारखं बटण बंद केलं, मशीन घेऊन मागच्या पायरीवर बसले, पट्टीचं झाकण उघडलं, चेन सैल केली, आणि भुसा नीट निघावा म्हणून हातमोजे काढले. प्लग जिथल्या तिथं. ट्यूबचं रबर जिथल्या तिथं.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. बोर्डाकडं पाहिलं. बटण बंद! मनात म्हटलं, काय माणूस आहे, पाण्याची काही पर्वा? आणि खटकन दाबलं.

आत जाऊन कणीक मळायला घेतली. दहा मिनिटांनी पंखा फिरला, आशाबाईंचा टीव्ही बोलायला लागला, मोटर घुमली. मी म्हटलं, चला, आली एकदाची! आणि तेवढ्यात ते किंचाळणं ऐकू आलं.

चेन सैल होती म्हणून निभावलं. ती पट्टीवरून उसळून बाहेर पडली, जाता जाता डाव्या हाताच्या मधल्या बोटावरून गेली. मी कणकेच्या हातांनी धावले, आधी बोर्डातला प्लग उपटला, मग पदर त्यांच्या बोटाला बांधला. डॉक्टरांनी चार टाके घातले. नखाचा कोपरा गेला, बोट वाचलं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी हमसून हमसून रडले. "मी दाबलं हो बटण. मीच दाबलं."

"अगं, प्लग मी काढला नव्हता," ते म्हणाले. "तुझं काय त्यात?" आणि मला धीर द्यायचा म्हणून की स्वतःला, त्यांनी सवयीनं गळ्यातल्या पिशवीत हात घातला आणि सुपारी काढली. मग ती तशीच तळहातावर धरून बसून राहिले. दोघंही तिच्याकडं बघत होतो. ती त्यांनी तोंडात टाकली नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "जहांगीरभाईंना कळता कामा नये. तो माणूस खरंच दुकान बंद करील. आपण मशीन आता दुसरीकडं देत जाऊ."

तीन आठवडे आम्ही शहागंजाचं नाव काढलं नाही. पण मला अन्न गोड लागेना. मी बटणापर्यंत हात न्यायचे आणि मागं घ्यायचे. आणि सारखे डोळ्यांसमोर यायचे ते सतरा वर्षांचे जहांगीरभाई, खुशीत मेन दाबणारे. तोवर मी त्यांच्या त्या गोष्टीवर नुसती हळहळले होते. आता ती मला कळली होती. शेवटी एक दिवस मी मशीन पिशवीत घातलं आणि म्हटलं, "चला. लपवायचं नाही. मी सांगणार."

दुकानात शिरलो. श्रीरंगराव दोन्ही हात खिशात घालून उभे.

"पयले हात, साहेब."

"आज राहू द्या ना भाई. घाईत आहे जरा."

"हात."

उजवा आला. डावा येईना. मी कोपरखळी मारली तेव्हा तो बाहेर निघाला, मधल्या बोटाला पांढरी पट्टी. जहांगीरभाईंची पेन्सिल हवेतच थांबली. त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"बोट आहे हो, आहे!" श्रीरंगराव घाईघाईनं म्हणाले. "नखाचा कोपरा गेलाय नुसता. दहाच आहेत. मोजा, दहा भरतात."

"साडेनऊ," जहांगीरभाई हळूच म्हणाले. त्यांनी पेन्सिल कानाला लावली नाही, काउंटरवर ठेवली. मग कोपऱ्यातला शटरचा लोखंडी आकडा घेतला आणि शटर ओढायला पायरी उतरले.

"थांबा," मी म्हटलं. "काय झालं ते तरी ऐका. यांनी बटण बांधून ठेवलं होतं. तुमच्या ताइतात हे सुपारी ठेवत होते. प्लग काढला नाही. आणि बोर्डावरचं बटण मी दाबलं, भाई. पाण्याच्या नादात. आवाज दिला नाही. तुमच्या धारेनं काही झालेलं नाही. माझ्या हातानं झालं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरून आले होते त्यांचे. माझे तर वाहतच होते.

"मग तर मला जास्त कळतंय, ताई," ते म्हणाले. "धार माझी, समजावलं मी. तरी कमीच पडलो." आणि त्यांनी आकडा शटरला लावला. शटर अर्धं खाली आलं.

तेवढ्यात आतून मुनीबभाई आले. हसत नव्हते. ते अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर गेले, धाकट्या भावासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात त्याच्या तोंडापुढं धरले.

"मोज."

जहांगीरभाईंनी मान फिरवली.

"सगळ्या शहागंजाची मोजतो. गारखेड्याच्या मास्तरीणबाईंची पण मोजली. बत्तीस साल में मेरी कभी गिनी क्या? इधर देख, जहांगीर. मोज."

रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. समोरचा अत्तरवाला दुकानाबाहेर आला. जहांगीरभाईंनी हळूहळू मान वळवली आणि पहिल्यांदा त्या हाताकडं पाहिलं. पेन्सिल नव्हती, म्हणून बोटानं मोजायला लागले. डाव्या हाताची पाच नीट झाली. सहावं नुसतं पुटपुटले.

"जोर से."

"सहा... सात."

"सात," मुनीबभाई म्हणाले. "या सातांनी निकाह केला. दोन लेकी शाळेत सोडल्या. बत्तीस साल तुला चहा पाजला, अन् तू भिंतीकडं बघून प्यायलास. त्या दिवशी सात उरली, आज पण सातच आहेत. मी रोज बघतो, अन् खुश असतो. तू एकदा बघ ना." मग त्यांनी त्या दोन बोटांच्या हातानं आकडा काढून घेतला आणि शटर खडखडत वर ढकललं. "आता साहेबांच्या गळ्यातली सुपारी काढ आणि प्लग घालायला शिकव. इनकू अभी तक आया नहीं."

जहांगीरभाई त्यांच्या गळ्यात पडून पोरासारखे रडले. श्रीरंगराव बाजूला उभे राहून नाक ओढत होते, आणि अत्तरवाला, काही कळलं नसताना, सगळ्यांना पाणी देत सुटला.

चहा झाला. मग श्रीरंगरावांना स्टुलावर बसवलं आणि पहिल्या दिवसासारखं सगळं पुन्हा करून घेतलं. ट्यूबचं रबर जहांगीरभाईंनी सगळ्यांसमोर कात्रीनं कापून टाकलं. पिशवी झटकून सुपारीचा चुरा पार काढला. प्लग आत गेला, पिशवी छातीवर आली, तेव्हा कुठं मशीनचं झाकण उघडू दिलं. आणि जायच्या वेळी बोटं पुन्हा मोजून म्हणाले, "दहा. एक जरा आखूड."

जूनमध्ये पाऊस लागला. कोपऱ्यावर आम्ही दुसरा बदाम लावला, तो आता दुमजली झालाय. मशीन अजून चालतं, श्रीरंगराव अजून चालवतात, आणि मी अजून त्यांना बोलते. एक मात्र बदललं. घरातलं कुठलंही बटण दाबायच्या आधी मी आवाज देते, "लावू का?" आणि उत्तर आल्याशिवाय दाबत नाही. घरात एकटी असले तरी देते. आशाबाई हसतात, हसू दे.

मागच्या आठवड्यात सकाळी सकाळी शहागंजात गेलो होतो. जहांगीरभाई नुकतंच शटर वर करत होते. आम्हाला वाटलं, पहिला नंबर आपला. श्रीरंगरावांनी हात पुढं केले तर म्हणाले, "थांबा साहेब, पहिलं गिऱ्हाईक व्हायचंय."

मुनीबभाई आतून आले, दोन्ही हात काउंटरवर ठेवले. जहांगीरभाईंनी कानावरची पेन्सिल काढली, एकेक बोट नीट बघून मोजलं.

"सात," ते म्हणाले. "बरोबर आहेत, भाईजान. चहा ठेवा."